बाहेर न पडलेले

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रियदर्शिनी नोंदींतल्या चुका शोधून आकडे साफ करण्याचं काम करायची. गेटवरच्या बारा वर्षांच्या आणि रोज येणाऱ्या नोंदी तिने आठ कॉम्प्युटर मशीनवर वाटून थेट मेमरीत चढवल्या होत्या. प्रश्न विचारायचा अवकाश, आठही मशीन आपापला वाटा चाळून उत्तर हजर करत. प्रत्येक तुकड्याची एक प्रत दुसऱ्या मशीनवर असायची, म्हणजे एक बंद पडलं तरी काही हरवायचं नाही.

नको तिथे खोदायची तिला खोडच. दुपारी एक वाजता, डबा खाता खाता, तिने विचारलं: आजच्या आधी आत आले आणि बाहेर गेलेच नाहीत, असे किती?

चार. नावं वेगळी, सालं वेगळी. कार्ड मात्र एकच, ४४१७. आत येण्याची वेळही एकच, दुपारी एक चाळीस.

ती मुकादम पुंजारामकडे गेली. भातलावणीला मजूर गावी गेला की त्याचं कार्ड नव्या माणसाला द्यायचं, नाव तेवढं बदलायचं, ही त्याची जुनी रीत.

"ते चौघं गावाला गेले," तो म्हणाला.

"पोचले?"

"ते कोन इचारतंय, मॅडम? गाववाल्यांना वाटतंय, कंपनीत हायेत." त्याने नजर चुकवली. "आता कार्ड नवशाकडं हाय. मासवनचा. कँटीनमधल्या सोमीचा नवरा."

प्रियदर्शिनीने घड्याळ पाहिलं. धावत गेटवर पोचली तेव्हा एक पस्तीस झाले होते. नवशा रांगेत उभा होता. तिने कार्ड त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

"मॅडम, हजेरी बुडंल माजी!"

"मी बघते. आज आत जायचं नाही. बाहेर कँटीनमध्ये सोमीजवळ बसून राहा."

तो कुरकुरत गेला. ती कँटीनच्या वरच्या आपल्या खोलीत येऊन स्क्रीनपुढे बसली, कार्ड मुठीत घट्ट धरून.

एक चाळीसला पाचवी ओळ आली. ४४१७. नवशा. आत.

ती घाबरली. ती ओळ तिसऱ्या मशीनवर होती. तिने ते बंद केलं. ओळ पाचव्यावरच्या प्रतीतून वर आली. पाचवं बंद केलं.

ओळ पुन्हा आली, आता सातव्यावरून. तिथे प्रत ठेवलेलीच नव्हती.

ही ओळ पुसली तर तो वाचेल, एवढंच तिला सुचलं. तिने आठही मशीन बंद केली. मेमरीतलं सगळं, वीज गेली की गेलं. पंखे थांबले. स्क्रीन कोरी झाली.

तिला हायसं वाटलं. ती जिना उतरून कँटीनमध्ये आली.

सोमी टेबलाशी एकटीच बसली होती.

"नवशा कुठाय?"

"कोन नवशा?"

"तुझा नवरा, सोमी."

"माजं लगीन कुटं झालंय, मॅडम?" सोमी हसली. मग तिची नजर समोर गेली आणि हसू मावळलं.

टेबलावर चहाचे दोन कप होते.

"पन ह्यो दुसरा चा मी कोनाला वतला?"

त्यातला चहा अर्धा प्यालेला होता, आणि अजून गरम होता.