चार फुल्या

दादाचा लोखंडी पलंग भाड्याचा होता. तो न्यायला चार वाजता माणसं येणार होती, म्हणून आईने दुपारीच मला वर पाठवलं.

"पलंगाच्या कठड्यावरची ती स्क्रीन आधी काढ. ओढाताण करू नकोस. त्याच्या हातची आहे."

दादाला जाऊन नऊ दिवस झाले होते. खोलीत अजून औषधाचा आणि ओल्या कापसाचा वास होता. स्क्रीन चालूच होती. ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वाचा जाणार हे कळल्यावर, हात चालत होते तोवर दादाने ती स्वतः जोडली होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी स्क्रीन, मागे तेवढाच कॉम्प्युटर. वर दोन चौकोन, 'पाणी' आणि 'कूस'. त्यांच्या खाली दोन, 'दुखतंय' आणि 'ये'. डोळे मिटूनही त्याच्या बोटाला जागा पाठ होत्या. तो दाबायचा तो शब्द खाली स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या स्क्रीनवर उमटायचा आणि घंटी वाजायची.

वायर निसटून परत जोडली की स्क्रीन चार फुल्या दाखवायची, एकेका कोपऱ्यात एक. त्या नीट दाबल्या तरच तिला जागा कळायच्या. मला शिकवताना दादा हसला होता.

"हळू रे. पंक्चर नाही काढायचंय. एक दाब, दुसरी येईपर्यंत थांब."

थांबणं मला कधी जमलंच नाही.

शेवटच्या महिन्यात चादर बदलताना माझ्या हातून वायर निसटली. माझ्या पंक्चरच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. फुल्यांकडे न बघता मी भराभर चार टोचे मारले आणि पळालो. त्यानंतर दादा सारखं पाणी मागायला लागला. मी पेला न्यायचो, तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. परत घंटी, परत पाणी. एकदा मी पेला भिंतीवर आपटला. "पाणी पाहिजे की माझा जीव पाहिजे तुला?" त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, ओशाळला.

आता स्क्रू काढताना माझा अंगठा 'दुखतंय'वर पडला. खाली घंटी वाजली.

"पाणी कशाला रे?" आई खालून ओरडली.

मी मुद्दाम 'दुखतंय' परत दाबलं.

"परत पाणीच... बाळा, अशी थट्टा नको करूस."

मी 'ये' दाबलं.

"आता कूस आलंय. पुरे की रे..."

शेवटच्या दुपारी अर्धा तास 'कूस' येत होतं. मी त्याला भिंतीकडे वळवलं, मग दाराकडे, परत भिंतीकडे. घंटी थांबली तेव्हा हुश्श करून मी खाली जेवायला बसलो होतो.

नीट करायचं, एवढंच डोक्यात आलं. वायर ओढली, परत खोचली. पहिली फुली आली. मी बोट पुढे केलं, पण ते टेकायच्या आतच फुली विझली आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी उगवली.

मी हात मागे घेतला.

स्क्रीनचा वरचा मऊ थर फुलीच्या बरोबर मधोमध दबला, आणि वर आला. मग थांबणं. तिसरी. परत थांबणं. चौथी... कसलीच घाई नव्हती.

चार चौकोन परत आले. खालच्या उजव्या चौकोनात खळगा पडला, आणि तसाच राहिला.

घंटी वाजली. खालून आईचा आवाज आला.

"अरे... 'ये' आलंय. कोण बोलावतंय?"

"आलो दादा," मी म्हणालो. "हा बघ, इथेच आहे."

घंटी परत वाजली. आणि परत.

मी त्याच्या उशाशीच उभा होतो, माझा हात त्याच्या उशीवर होता. याहून जवळ यायचं म्हणजे कुठे?