मापाचा माणूस

अमेरिकेत, युटाच्या त्या लाल दरीत अलॉन्झो आला होता तो डोंगरांचे फोटो काढायला. पूर्वेकडच्या शहरांतले लोक असे फोटो हौसेने दिवाणखान्यात लावत. खेचरांची गाडी, फोटो उमटवायच्या काचांच्या पेट्या, काळ्या कापडाचा तंबू, बायको कीझिया आणि तिचा धाकटा भाऊ ओरिन, एवढा त्याचा पसारा. ओरिनचं काम एकच : दूर कड्यावर जाऊन निश्चल उभं राहायचं. माणूस शेजारी असल्याशिवाय डोंगर किती उंच, ते फोटोत कळत नाही. दरीत प्रतिध्वनी फार, म्हणून त्याचं नाव घेऊन हाक मारेपर्यंत हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

"डोंगर काढायचाय तर डोंगर काढ की," ओरिन कुरकुरायचा. "मला कशाला गजकाठीसारखा उभा करतोस?"

"गजकाठी तुझ्याएवढं खात नाही," कीझिया म्हणायची.

तो ओरिन आता नव्हता. काही दिवसांपूर्वी झरा शोधायला म्हणून दरीत वर गेला आणि परतलाच नाही. हाका मारून दोघांचे घसे बसले होते. पिंपात तळाशी थोडंसं गढूळ पाणी उरलं होतं. नदी गाठायची तर आजच निघायला हवं होतं.

"ऊठ, कीझिया. गाडी जोडतो."

"तू जा."

"खेचरं उद्या उभीसुद्धा राहणार नाहीत."

"मग त्यांनाही घेऊन जा. माझा भाऊ वर आहे."

तिला तसं म्हणायला कारण होतं. काचेला डोळ्यापेक्षा जास्त दिसतं. भिंग लावलं की मैलभरावरच्या झुडपाच्या फांद्याही वेगळ्या दिसतात. म्हणून आदल्या दिवशी तिने हट्टाने समोरच्या सगळ्या कड्याचा फोटो काढायला लावला होता. काच धुवायला पाणी लागतं. "प्यायचं पाणी काचेवर ओतू?" असं अलॉन्झो ओरडला होता, आणि मग ओतलंही होतं.

काचेवर काळ्याचं पांढरं होतं आणि पांढऱ्याचं काळं. मधल्या कपारीत एक माणूस उभा होता. काळाभोर चेहरा, अंगावर पांढरेफटक कपडे, हातात टोपी. कीझिया धावत वर गेली. कपार रिकामी होती. धुळीत पावलं उमटली ती फक्त तिचीच.

अलॉन्झोच्या मनात वेगळंच होतं. फोटोला वेळ लागतो. तेवढ्या वेळात जिवंत माणूस श्वास घेतो, किंचित झुलतो, त्याच्या कडा पुसट होतात. या माणसाची बटणंसुद्धा रेखीव आली होती. पण हे तिला सांगायचं कसं?

"दगड आहे तो," तो म्हणाला.

कीझियाने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ फुटून रक्त सुकलं होतं.

"ठीक आहे. मी तिथेच जाऊन उभी राहते. पुन्हा काढ. दगड असेल तर माझ्या शेजारी तसाच दिसेल. मग मुकाट्याने गाडीत बसेन."

"आणि दगड नसेल तर?"

ती चढायला लागली.

दुपार कलत होती. ती कपारीत पोचून ताठ उभी राहिली, तेव्हा त्याने कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलं, थांबला, पुन्हा लावलं. काच ओली आहे तोवरच काम होतं. ती घेऊन तो तंबूत पळाला. आत ईथरचा गोडसर, डोकं जड करणारा वास कोंडला होता. त्याने औषध ओतलं, मग पिंपातलं उरलंसुरलं पाणी. हळूहळू डोंगर उमटला... कडा उमटला... कपारीत एकच आकृती उमटली.

एकच! त्याचा जीव भांड्यात पडला. कीझिया दिसत होती, ओरिन नव्हता. आता ती येईल, गाडीत बसेल. रात्रभर हाकली तर सकाळी नदी.

मग त्याने भिंग लावलं.

हातात टोपी होती. अंगात पँट होती. बटणं रेखीव होती.

शेजारी कुणी नव्हतं. ती हलली असती तर निदान धुरकट डाग तरी उमटला असता. तिथे खडकाच्या भेगा स्वच्छ दिसत होत्या.

तो तडक बाहेर आला. वर कीझिया तशीच उभी होती. वाऱ्याने तिचा झगा फडफडत होता. सावली दरीतून वर सरकत तिच्या पायांशी आली होती.

"कीझिया! झालं! उतर खाली!"

दरीने हाक परत केली. ती हलली नाही.

"कीझिया! अगं, निघायचंय आपल्याला... कीझिया!"

झगा तेवढा हलत होता. त्याने पुन्हा हाक मारली, मग विनवणी केली, मग शिवी दिली. सावली तिच्या कमरेपर्यंत चढली. अंधारात ती उतरणार कशी? आणि तिला तिथे ठेवून तो जाणार कुठे?

दुसऱ्या नावाने हाक मारायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. तरी ती तोंडातून निघालीच, इतकी हळू की त्याची त्यालाही धड ऐकू आली नाही.

"ओरिन..."

कपारीतली आकृती लगेच वळली आणि भराभर खाली उतरू लागली. आवाज आला तो कीझियाचाच, थकलेला; कुरकुर मात्र ओरिनची.

"किती दिवस उभं ठेवलंस मला, अलॉन्झो..."