परसातलं ऊन

प्रेमानंद त्या दिवशी निघाला होता तो एक काचेचा जग बघायला. दुसरं काही काम नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल त्याला. भालकीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत असतो, माझ्या मागच्याच गल्लीत राहतो. भूतबीत त्याच्या घरात आजोबांपासून कुणी मानत नाही. त्याला नाद एकच, जुन्या काचेचा. अत्तराच्या बाटल्या, फुलदाण्या, हैदराबादेहून कुणी कधी आणलेले पेले. त्यातही त्याचा जीव अडकलेला रंग बदलणाऱ्या काचेत. तिच्यात एक धातू मिसळलेला असतो म्हणे. उन्हात धरली की फिकट जांभळी, ट्यूबखाली नेली की निळी. ओळखायची खूण हीच. तो हसून म्हणायचा, "काका, माणूस फसवंल, ही काच न्हाई. जसा उजेड, तसा रंग."

तारीख सांगतो. गुरुवार, तेवीस नोव्हेंबर, दोन हजार तेवीस. अमावास्या होती असं सांगून तुम्हाला उगाच घाबरवणार नाही. एकादशीचा चंद्र होता, आभाळ स्वच्छ.

खटकचिंचोळीहून गुरुबसव नावाच्या दुकानदाराचा फोन आला होता. "सर, तुमाला पायजे तसला जग हाय आमच्यात. विकायचा न्हाई. नुसता घेऊन जावा." कॉलेज सुटल्यावर प्रेमानंदनं गाडी काढली. वाटेत पंक्चर झालं, म्हणून पोचायला साडेआठ वाजले.

घर साधं, स्लॅबचं. गुरुबसव बाहेर कट्ट्यावर बसला होता. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली. उठला नाही.

"सैपाकघरात, खिडकीत हाय. तुमीच उचला."

"तुमी या की आत, अण्णा."

"मी आत जात न्हाई. दुकानातच झोपतो." मग हळूच म्हणाला, "हितं बघत बसू नका, सर. घरी नेऊन बघा."

पण नाद तो नाद. प्रेमानंद आत गेला, स्वयंपाकघरातली ट्यूब लावली. ओट्यावर धूळ. समोर गजांची खिडकी, तिच्या आतल्या कट्ट्यावर जग. खिडकीशेजारी परसाचं दार, आतून कडी घातलेलं. त्यानं जग उचलला. काच निळी. अस्सल! जुनी, हातानं फुंकलेली, तळाला खरखरीत खूण. तो खूश झाला.

मग त्याला ते दिसलं.

जग निळाच होता, पण एका बाजूला तळहाताएवढा भाग जांभळा होता. खिडकीकडच्या बाजूला.

बाहेर बल्ब असेल, त्याला वाटलं. खिडकीतून डोकावला. परसात बल्ब नव्हता. उंच भिंती, धुण्याचा दगड, वाळवणाची एक बाज. चांदणं होतं, पण ट्यूबपुढं चांदण्याला कुठला एवढा जोर?

तो जग घेऊन खोलीच्या मध्ये आला. जग हातात फिरवला. काच फिरली. डाग फिरला नाही. खिडकीकडंच राहिला.

पुन्हा फिरवला. डाग तिथंच.

ही काच उजेड सांगते. आणि ती सांगत होती की त्या बाजूनं ऊन पडतंय. रात्री पावणेनऊला.

मग डाग सरकला.

हळू. खिडकीकडून... दाराकडं. कुणी चालत जावं तसा.

दाराशी थांबला.

कडी एकदा वाजली.

"अण्णा," प्रेमानंदनं हाक मारली. पुन्हा मारली. "अण्णा, परसात कोण हाय?"

मग गुरुबसव चौकटीपाशी येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"कामून विचारायलात?"

"कोण हाय?"

गुरुबसवनं चौकट धरली. "रेणुका. माझी बायको. दोन वर्सं झाली. वैशाखात... ती वाळवणं घालायला मागं गेलती. नुकती तापातनं उठल्याली. मला वाटलं शेजारी बसायला गेली. मी आतनं कडी घातली, पुढं कुलूप लावलं, बीदरला गेलो. पार दिवस बुडाल्यावर आलो. भर दुपार, सर. शेजारची गिरणी चालू. कुणाला ऐकू गेलं न्हाई. तो जग... भरून ठेवल्याला होता खिडकीत. पाण्यानं. परसातनं खिडकी उंच पडती; गजातनं हात घातल्याला होता तिनं. पोचला न्हाई."

कडी पुन्हा वाजली.

जग हातात गरम व्हायला लागला.

पळावं, असं प्रेमानंदच्या मनात आलं. पाय वळलेसुद्धा. पण त्या गजांकडं नजर गेली, आणि तो थांबला. त्यानं कोपऱ्यातला नळ सोडला. जग भरला. घाईत अर्धं पाणी बाहेर सांडलं. लहानपणी विहारात पाठ केलेलं त्रिसरण ओठांवर आलं.

त्यानं कडीला हात घातला.

"काढू नका!" गुरुबसव ओरडला. "सर, काढू नका!"

कडी गंजली होती. दोनदा अडली. मग निघाली.

दार उघडलं.

परस रिकामं. चांदणं. वारा नाही.

प्रेमानंदनं डोळे मिटले. जग धरलेला उजवा हात उंबऱ्याबाहेर केला.

काहीच झालं नाही.

मग हातावर झळ आली. तव्यासारखी. त्यानं डोळे उघडले... जग सगळा जांभळा झाला होता. सगळा. आणि मनगटाभोवती काहीतरी गार, ओलं, घट्ट. दिसत काही नव्हतं. फक्त पाणी... कमी व्हायलं होतं.

घोट. घोट. घोट.

तळ दिसला. पकड सुटली. जग निळा झाला.

प्रेमानंदनं तो धुण्याच्या दगडावर ठेवला. घ्यायचा विचारही मनात आला नाही. वळला, तर गुरुबसव स्वयंपाकघरात उभा. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो दाराकडं बघत होता.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उघडंच ऱ्हाऊ द्या आता."

परत येताना वाटभर प्रेमानंदनं मागं पाहिलं नाही. साडेदहाला घरी आला, न जेवता झोपला.

सकाळी त्याची बायको ज्योत्स्ना चहा घेऊन आली. कप तिच्या हातातून पडला.

कोपरापासून बोटांपर्यंत त्याचा उजवा हात रापून काळा पडला होता. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबल्यासारखा. कातडी सोलवटत होती.

फक्त मनगटावर मूळचा रंग राहिला होता.

वरून चार बोटं. खालून एक अंगठा. बारीक, बाईमाणसाची.

डॉक्टरांनी मलम दिलं. हात महिन्याभरात बरा झाला, रंगही बराचसा परत आला.

ती बोटं मात्र अजून आहेत. मी पाहिलीत.