टाकीतली ठकठक

“बाबा, त्या टाकीत आतून कोण ठोकतं?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. शप्पथ सांगते, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे.

गेल्या लुसियाच्या सणाला, तेरा डिसेंबरला. उत्तर स्वीडनमधल्या आमच्या गावच्या कारखान्यात. दुपारच्या कॉफीची वेळ. बाहेर मिट्ट काळोख, डिसेंबरात असतोच.

तिथे लाकडाच्या ढलप्या आधी आम्लात भिजवतात, मग वाफेवर शिजवतात. त्यातून साखर, साखरेतून गाड्यांचं इंधन. आमच्या वर्गाला सगळं दाखवत होता माझाच बाबा! त्याने सगळ्यांना कॉफी अन् सणाचे केशर घातलेले पाव दिले. स्वतः कॉफी घेतली नाही.

“ढलप्या टाकीत अडकतात,” तो सांगत होता. “मग एकाने आत उतरून मोकळ्या करायच्या. आतल्याने ठोकलं की बाहेरच्याने उलट ठोकायचं. म्हणून एक जण बाहेर लागतोच.”

माझ्या मैत्रिणीने, वेन्डेलाने, मला कोपर मारलं. “विचार ना गं! की फाटली?”

फाटली? माझी? यंदा वर्गात सगळ्यांत मोठा आवाज माझाच! मी खणखणीत विचारलं. वर “भूत आहे म्हणे!” असंही जोडलं.

सगळे खिदळले.

बाबा हसला नाही.

“माझा जोडीदार बोर्ये आत होता,” तो म्हणाला. “मी बाहेर. ढलप्या कोसळल्या. त्याने ठोकलं असणार... मी कॉफी आणायला गेलो होतो.”

हसू विरलं.

माझे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वेन्डेलासुद्धा बुटांकडे बघत होती.

आणि तेवढ्यात...

ठक्. ठक्.

आतून.

टाकी रिकामी होती. नुकतंच आम्ही सगळ्यांनी आत वाकून पाहिलं होतं. कुणी नव्हतं...

बाबाने हातोडी उचलली.

ठक्. ठक्.

आत सामसूम.

“रोज याच वेळी,” तो पुटपुटला. “उत्तर मिळालं की थांबतो.”

रोज. आणि मी त्यावर पैज घेतली होती.

घरी जेवताना मान वर करवेना. अजूनही घरात कुठे काही वाजलं की... माझा घास तसाच राहतो.

शेवटी त्या रात्रीच मी काटा खाली ठेवला.

“आई, बाबा, ऐका. सोमवारपासून शाळा सुटली की मी टाकीपाशी येणार. नाही म्हणायचं नाही. बाबा, तू कॉफी पी. बाहेर मी उभी राहते.”