लहान झालेला तीळ

देहचित्र-कक्षातल्या चोवीस कॅमेऱ्यांनी शाल्मलीला पुढून, मागून, बाजूने टिपलं आणि दिवे मंदावले. गाऊन गुंडाळून ती बाहेर आली तेव्हा तिचे हातपाय गार पडले होते. मागच्या वर्षी, पहिल्या तपासणीतही पडले होते. तिच्या आईला पाठीवरच्या एका तिळानेच नेलं होतं. तो कुणाच्या नजरेस पडला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतरच शाल्मलीने तीळ तपासणारी ही प्रणाली लिहायला घेतली.

"बस गं," त्वचातज्ज्ञ डॉ. फिरोजा काझी म्हणाल्या. "यंत्राला तूच शिकवलंस आणि तूच त्याला घाबरतेस?"

"शिकवलंय म्हणूनच, मॅडम. त्याला कर्करोग कळत नाही. फक्त फरक कळतो. मागच्या वर्षीच्या तीळनकाशावर आजचा ठेवायचा. नवा तीळ आला किंवा जुना वाढला, की लाल खूण. बाकी सगळं हिरवं."

"मग बघ, हिरवंच आहे. एकशे बारा तीळ, नवा एकही नाही. उलट डाव्या खांद्यामागचा लहान झालाय, सातवरून तीन मिलिमीटर. आता घरी जा, लेक रडून घर डोक्यावर घेत असेल."

शाल्मलीने चपला पायांत सरकवल्या. उठली, आणि पुन्हा बसली.

"तीळ इतका लहान होतो?"

"वर्षभरात?" फिरोजाबाईंचा हात थांबला. "सहसा नाही."

"मागच्या वर्षीचा फोटो मोठा करा ना."

पडद्यावर काळाभोर गोल आला. त्याची खालची कड जराशी फराटली होती. शाल्मली बघत राहिली. मागच्या वर्षी जुई चार महिन्यांची होती. त्या सकाळी आंघोळ घालून सासूबाईंनी तिच्या उजव्या गालावर चांगली ठसठशीत तीट लावली होती. कक्षाच्या दारापर्यंत जुई आईच्या गाऊनमधून उघड्या पडलेल्या डाव्या खांद्यावर गाल टेकून झोपली होती. घरी गेल्यावर सासूबाई कुरकुरल्या होत्या, "पोरीची तीट कुठं पुसून आणलीस?"

"मॅडम, हा तीळ नाही. काजळ आहे. जुईच्या गालावरचं."

फिरोजाबाई हसल्या. "म्हणजे यंत्राला नजर लागली तुझ्या..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

"हो," शाल्मली म्हणाली. "तेव्हा तिथे तीळ नव्हताच. आजचा नवा आहे. काजळाच्या जागी उगवला, म्हणून यंत्राला लहान झालेला वाटला."

"पालथी झोप."

भिंगाचा गार काठ खांद्याला टेकला. फिरोजाबाईंनी ते दोनदा फिरवून पाहिलं.

"कड वाकडी आहे, रंगही दोन दिसतात," अखेर फिरोजाबाई म्हणाल्या. "आजच काढून तपासायला पाठवू. जे असेल ते अगदी सुरुवातीचं आहे, शाल्मली. ऐकतेस ना?"

शाल्मली ऐकत होती. उशीत तोंड खुपसूनच तिने विचारलं, "मॅडम, सगळ्या केंद्रांमधले हिरवे नकाशे उघडता येतील? लहान झालेले तीळ तेवढे वेगळे काढा."

"लाखभर निघतील गं. सुरुवात कुठून करू?"

"तान्ही पोरं असलेल्या आयांपासून."