सोळा तासांचं अंतर

खोपटच्या एसटी डेपोमागे कमळाबाई राहायच्या. माझ्या शेजारी. मिठागराची जमीन विकून मुलाला, प्रफुल्लला, सॅन फ्रान्सिस्कोला धाडलेली बाई. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे नुसता शहाळं द्यायला गेलो होतो. डॉक्टर दाराशीच म्हणाले, "आजचा दिवस."

"जीव अडकलाय हो मुलात," त्यांची पुतणी समृद्धी कुजबुजली.

मी तिथूनच प्रफुल्लला कळवलं. दोन तासांत उत्तर आलं, 'काका, विमानात बसलो. आईला सांगा.' साडेतेरा हजार किलोमीटर. थेट विमान, सोळा तास. जन्मभर बातमीदारी केली, म्हणून अंतर तेवढं तपासलं.

मग दिवसभर मी त्या माउलीच्या कानाशी वाकून सांगत राहिलो.

"वहिनी, निघाला. समुद्रावर आहे."

"वहिनी, अर्धी वाट सरली."

प्रत्येक वेळी तुटत आलेला श्वास पुन्हा सुरू व्हायचा. खोलीत औषधांचा वास, आणि खिडकीखाली गाड्यांची घरघर.

"कुठं आला माझा पोऱ्या?"

"आलाच..."

दिवेलागणीला मी बाहेर येऊन त्याचा नंबर लावला. उतरल्या उतरल्या मिस्ड कॉल दिसावा, एवढ्यासाठीच. विमानात फोन बंद असणार.

पण रिंग गेली. झोपाळलेला आवाज आला. "हॅलो?"

"प्रफुल्ल? कुठे आहेस तू?"

"काका... घरीच. सोळा तास लागतात हो. मी पोचेपर्यंत ती उरणार होती का?"

"मग निघालो म्हणून का कळवलंस?"

"तिला बरं वाटावं म्हणून. तुमच्यावर तिचा विश्वास आहे ना."

राजकारण्यांनी मला फसवलं, बिल्डरांनी फसवलं. पण मरणाऱ्या आईच्या कानात माझ्या तोंडून खोटं वदवून घेण्याची हिंमत कुणी केली नव्हती. "नालायका!" मी ओरडलो.

तेवढ्यात आतून समृद्धीची हाक आली. "काका... इकडे या..."

ती भिंतीला चिकटून उभी होती. कमळाबाईंचे डोळे उघडे होते. उजवा हात हवेत उचललेला, आणि बोटं कशाभोवती तरी घट्ट वळलेली.

"आलास?" त्या हसल्या. "किती गार परलाय तुजा हात... आता जाव नको."

माझ्या हातातला फोन चालूच होता.

"काका," प्रफुल्लचा आवाज एकदम बारीक झाला होता. "इथे... खोलीत कुणीतरी आहे."

मी फोन कानाशी धरून कमळाबाईंच्या मुठीकडे पाहिलं.

"काका, तिला सांगा ना... हात सोड म्हणावं... काका!"

फोन कट झाला. कमळाबाईंचा श्वासही थांबला.

डॉक्टर आले, तपासून गेले. मूठ काही सुटेना. बोटं आणि तळव्याच्या मधे मनगटाएवढी पोकळी राहिली होती. मी त्यात बोट घातलं.

आत नाडी उडत होती.