बल्लवाची कणीक

भटारखान्यात सगळे तिच्या भावाला बल्लव म्हणायचे. अंगाने मात्र तो अगदी काडीपैलवान. आई सांगायची, "भीम बल्लव होऊन राजाच्या मुदपाकखान्यात राबला, तेव्हा त्याच्या हाताखाली आपला पूर्वज होता. कणीक तिंबणं आपल्या घराण्यात त्याच्याकडूनच आलं." भाऊ हे कुणालाही ऐकवायचा आणि हसं करून घ्यायचा.

ती तिथेच भाजी चिरायची. मालकाच्या मेहुण्याची तिच्यावर वाईट नजर होती. त्या सकाळी कोठीच्या दारात त्याने तिचा हात धरला. तिने हिसडा दिला, तशी त्याने केसांना धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. भाऊ धावून मध्ये पडला. मेहुण्याने त्याचे दोन्ही पंजे तापल्या तव्यावर दाबून धरले. कातडी चरचरली.

मालक बघत उभा होता. म्हणाला, "आटपा रे, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

दवाखान्यात भावाच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या.

"ताई, परत जाऊ नकोस."

"माझा सुरा राहिलाय तिथे," ती म्हणाली.

दुपारी भटारखान्यात चिटपाखरू नव्हतं. एकटा मालक कोठीच्या दारावर धडका देत होता.

"आत कोण आहे?"

"मेहुणा. एकटाच गेला होता गं! कडी नाही, तरी दार उघडत नाही."

आतून आवाज येत होता. धप्प. मग ओढल्याचा. पुन्हा धप्प.

"दाजी, सोडवा! दाजी—"

ओल्या फांद्या मोडाव्यात तसं काहीतरी कडाकडा मोडलं. ओरडणं थांबलं.

तिंबणं थांबलं नाही.

कणीक मऊ होत आली की आवाज बदलतो, हे तिला ठाऊक होतं.

आवाज बदलला.

मग दार आपसूक उघडलं.

मोठ्या परातीत ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने फडकं उचललं. एकच गोळा. हात, पाय, मान, सगळं पोटात दाबून एकजीव केलेलं. वर शर्टाची दोन बटणं.

मालक दारातच ओकला.

गोळ्यावर बोटांचे ठसे होते. एका ठशात तिची अख्खी मूठ मावली असती.

तिने फडकं पुन्हा नीट झाकलं. वळताना तिला शेजारी दुसरी परात दिसली. रिकामी, पण तेलाचा हात फिरवलेली.

ती मालकाला काही बोलली नाही. त्याच्या बाजूने बाहेर पडली.